मंद्र नादाची पेटी

तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं चौथी तार खर्जाची असते. मैफलींत तिची स्तुति कोणी करीत नाहीं. गवयाच्या तानेला वाहवा मिळते, तबलजीच्या तुकड्याला टाळी पडते. खर्जाची तार मात्र आपल्या जागीं अखंड घुमत असते. परंतु ती एकदां उतरली म्हणजे गाणाराला बसावयास जागा उरत नाहीं आणि ऐकणाराला चैन पडत नाहीं. आज आपल्या घरांतून गाणें ऐकण्याचीं जीं यंत्रें आलीं आहेत, त्यांतून पुष्कळदां नेमका हाच खालचा नाद गळालेला असतो. तो परत कसा आणावा, त्यासाठीं सबवूफर नांवाची जी पेटी बाजारांत मिळते ती घरच्या स्टीरिओला कशी जोडावी, आणि जोडतांना कोणतीं पथ्यें पाळावीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी परभणी जिल्ह्यांतील पाथरी या तालुक्याच्या गांवीं राहतों. आमच्याकडे सबवूफर हा शब्द उच्चारला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें मिरवणुकींतील गाडीवर रचलेली स्पीकरांची भिंत उभी राहते. छातींत धडकी भरविणारा, खिडक्यांच्या काचा थरथरविणारा तो दणका आठवून शहाणीं माणसें कानांवर हात ठेवतात. घरांत ठेवावयाच्या सबवूफरचा धर्म याच्या अगदीं उलट आहे. तो नीट जोडला म्हणजे खोलींत आहे हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बंद केला म्हणजे मात्र कांहीं तरी हरवलें असें सर्वांस वाटतें. हें एवढें एक सूत्र मनांत धरिलें, तर पुढच्या सर्व सूचना आपोआप सुचतील.

प्रथम मंद्र नाद म्हणजे काय तें पाहूं. हवेच्या कंपनानें नाद उत्पन्न होतो. दर सेकंदास २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद तरुण व निरोगी कानाला ऐकूं येतो. कंपनांच्या या मापाला हर्ट्झ म्हणतात आणि यंत्राच्या माहितीपत्रकांत हाच शब्द छापलेला असतो. पांढरी एक या स्वरांत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारें १३१ कंपनांचा असतो. त्याच्या तंबोऱ्यावरील खर्ज बरोबर निम्मा, म्हणजे सुमारें ६५ कंपनांचा. मनगटाचा दाब देऊन डग्ग्यांतून काढलेला घुमारा आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या अंगाचा गंभीर नाद हेहि याच खालच्या मुलखांतले रहिवासी होत.

नाद जितका खालचा, तितकी त्याची लाट लांब. ध्वनि हवेंतून दर सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणून ४० कंपनांच्या नादाची एक लाट सुमारें २८ फूट लांब भरते, तर १०,००० कंपनांच्या नादाची लाट चार बोटांच्या रुंदीहूनहि आखूड असते. एवढी लांब लाट उठवावयाची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. हिशेब असा आहे कीं, स्पीकरचा पडदा तोच ठेवून आवाजहि तेवढाच हवा असेल, तर एक सप्तक खालीं उतरतांच पडद्याची पुढेंमागें होण्याची मजल चौपट व्हावी लागते. दोन सप्तकें उतरल्यास सोळापट. फडताळांत मावणाऱ्या चारपांच इंची स्पीकरला हें ओझें झेपत नाहीं. साठसत्तर कंपनांच्या खालीं तो हळूहळू मुका होत जातो.

यावर कोणी म्हणेल, ‘आमचा स्पीकर लहान आहे, तरी तंबोऱ्याचा खर्ज आम्हांला ऐकूं येतो, तो कसा?’ प्रश्न योग्य आहे. कोणत्याहि तारेच्या मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपनाद निघत असतात. लहान स्पीकर मूळ नाद गाळतो, पण उपनाद कानापर्यंत पोंचवितो. आणि आपला मेंदु त्या उपनादांवरून मूळ नादाचें अनुमान करून घेतो. म्हणजे स्वर ओळखूं येतो, परंतु त्याचें अंग येत नाहीं. ओळखीच्या माणसाचें छायाचित्र पाहणें आणि तो माणूस समोर येऊन बसणें यांत जो फरक, तोच येथें आहे.

कानाचा आणखी एक स्वभाव ध्यानांत ठेवावा. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं असें दाखवून दिलें कीं, एकंदर आवाज हळू केला म्हणजे खालचे नाद वरच्या नादांपेक्षां फार लवकर कानाआड होतात. रात्रीं मुलें निजल्यावर आपण गाणें हळू लावतों, तेव्हां तें पातळ व निःसत्त्व वाटतें त्याचें कारण हेंच. अशा वेळीं आवाज वाढविण्यापेक्षां खालच्या नादाला थोडा आधार देणें हा बरा उपाय आहे.

आतां या पेटीचा थोडा पूर्वेतिहास. आज आपण वापरतों त्या जातीचा, चुंबकांत हलणाऱ्या वेटोळ्याचा स्पीकर राइस आणि केलॉग यांनीं १९२५ सालीं अमेरिकेंत सिद्ध केला. पेटी केवढी असावी आणि तिच्या भोंकानें खालच्या नादाला किती मदत होते, याचें गणित ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं मांडलें व पुढें रिचर्ड स्मॉल यांनीं तें पूर्ण केलें. लहान पेटींतून खोल नाद काढणें त्यामुळें शक्य झालें. १९७४ सालीं ‘अर्थक्वेक’ या बोलपटाच्या वेळीं चित्रपटगृहांत मोठे स्पीकर बसवून प्रेक्षकांना भूकंपाचा हादरा देण्यांत आला, आणि खालच्या नादाकरितां वेगळी पेटी ही कल्पना सर्वतोमुखी झाली. दुकानांतील खोक्यावर आपण २.१ किंवा ५.१ असे आंकडे वाचतों. त्यांतील पहिला आंकडा साध्या स्पीकरांचा आणि टिंबापुढचा एक हा सबवूफरचा.

ही पेटी एकच कां असते, दोन्ही बाजूंस दोन कां नसतात? कारण सुमारें ८० कंपनांच्या खालचा नाद कोणत्या दिशेनें येत आहे हें आपल्या कानाला नीट सांगतां येत नाहीं. गायक डावीकडे आहे कीं उजवीकडे, हें वरच्या नादांवरून कळतें व तें काम मूळच्या जोडस्पीकरांकडेच राहतें. म्हणून सबवूफर एकच असून चालतो आणि तो खोलींत सोईच्या जागीं ठेवतां येतो.

पैसे खर्च करण्यापूर्वीं आपण काय ऐकतों याचाहि विचार करावा. १९२५ पूर्वींच्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन, विजेच्या साहाय्यावांचून मुद्रित झालेल्या आहेत. त्या कर्ण्याला खालचे नाद टिपतांच येत नसत. मिरजेस राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभींच्या तबकड्या ऐका आणि मग १९३४ नंतरच्या ऐका. त्यांचा गळा तोच, पण आसपासची भरीवता निराळी, कारण मधल्या काळांत विजेचा मायक्रोफोन आला होता. जें तबकडींत उतरलेंच नाहीं तें कोणतीहि पेटी बाहेर काढूं शकत नाहीं. उलट तबकडी फिरविणाऱ्या यंत्राची घरघर मात्र ती मोठी करून दाखवील. जुनीं नाट्यगीतें व कर्ण्याच्या तबकड्या हाच ज्यांचा संग्रह आहे, त्यांनीं सबवूफर न घेतल्यास त्यांचें कांहीं अडणार नाहीं. परंतु अलीकडच्या मुद्रणांतील तबला, पखवाज व तंबोरा ज्यांना प्रिय आहेत, अंबेजोगाईजवळच्या आपेगांवचे शंकरबापू आपेगांवकर यांच्यासारख्यांचा पखवाज ज्यांना त्याच्या पूर्ण अंगानें ऐकावयाचा आहे, त्यांना लाभ निश्चित होईल.

आतां प्रत्यक्ष जोडणी. सबवूफर दोन जातींचे असतात. एकांत स्वतःचा अँप्लिफायर असून तो भिंतींतील प्लगवर चालतो. दुसऱ्यांत केवळ स्पीकर असतो. घरगुती वापरास पहिल्या जातीचा घ्यावा. दुसऱ्या जातीचा सबवूफर जुन्या अँप्लिफायरच्या त्याच खुंट्यांना स्पीकरांबरोबर जोडण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो टाळावा. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच खुंट्यांवर शेजारीं शेजारीं जोडले म्हणजे अँप्लिफायरला ते मिळून ४ ओहम भासतात. मग दुप्पट प्रवाह वाहतो, आणि तेवढ्यासाठीं न बांधलेलें यंत्र तापून निकामी होतें.

कोणतीहि तार लावण्यापूर्वीं सर्व यंत्रांचे प्लग काढून ठेवावे. नंतर अँप्लिफायरची मागील बाजू नीट पाहावी. तेथें ‘सबवूफर आउट’ किंवा ‘प्री आउट’ असें छापलेलें भोंक असेल तर काम सोपें आहे. त्या भोंकापासून सबवूफरच्या ‘लाइन इन’ किंवा ‘एल.एफ.ई.’ या भोंकापर्यंत एक चांगल्या प्रतीची आर.सी.ए. पिनची वायर न्यावी. प्री आउट डावें व उजवें असें दुहेरी असल्यास दोन वायरी न्याव्या. ‘रेकॉर्ड आउट’ किंवा ‘टेप आउट’ असें लिहिलेल्या भोंकांतून मात्र नाद घेऊं नये. कारण त्यांतील आवाज अँप्लिफायरच्या बटणानें कमीजास्त होत नाहीं, आणि गाणें हळू केलें तरी सबवूफर आपला घुमतच राहतो.

जुन्या स्टीरिओंना असें भोंक बहुधा नसतें. त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग आहे. सबवूफरच्या पाठीवर ‘हाय लेव्हल’ किंवा ‘स्पीकर लेव्हल’ या नांवाच्या खुंट्या असल्या, तर अँप्लिफायरच्या ज्या खुंट्यांना स्पीकर जोडलेले आहेत त्यांनाच आणखी एक वायरीची जोडी लावून ती या खुंट्यांपर्यंत न्यावी. तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला, डावी डाव्याला, उजवी उजव्याला. येथें अँप्लिफायरवर भार पडत नाहीं, कारण स्वतःचा अँप्लिफायर असलेला सबवूफर या वायरींतून केवळ नादाचा नमुना उचलतो व लागणारी शक्ति भिंतींतील प्लगमधून घेतो. दोन सावधगिऱ्या मात्र पाळाव्या. वायरीच्या टोंकाचे बारीक तंतु पिळून घ्यावे, एकहि तंतु शेजारच्या खुंटीला लागूं देऊं नये. आणि अँप्लिफायरच्या स्पीकरखुंट्यांपासून निघालेली वायर सबवूफरच्या आर.सी.ए. भोंकांत कधींहि घालूं नये. तें भोंक अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌संकेतासाठीं असतें. नवीन जातीच्या कांहीं अँप्लिफायरांत दोन्ही काळ्या खुंट्या आंतून एक नसतात, म्हणून त्या बाहेरून एकत्र जोडण्यापूर्वीं माहितीपुस्तक अवश्य वाचावें.

जोडणी झाली, आतां जागा. येथें घराच्या बांधणीचा संबंध येतो. मराठवाड्यांतील जुन्या माळवदाच्या घरांत वर लांकडाची तक्तपोशी असे. खालच्या नादानें ती किंचित् लवे आणि त्याचा कांहीं भाग पोटांत घेई. आतां त्यांच्या जागीं सिमेंटच्या छताचीं घरें येत आहेत. सिमेंटची भिंत व छत मंद्र नादाला चेंडूसारखें परत फेंकतात. १४ फूट लांबीच्या खोलींत ४० कंपनांच्या नादाची बरोबर अर्धी लाट मावते. परिणाम असा होतो कीं, त्या दोन समोरासमोरच्या भिंतींजवळ तो नाद फुगतो आणि मधोमध बसणाराला जवळजवळ ऐकूं येत नाहीं. गाद्या, पडदे, सतरंज्या यांनीं वरचा नाद मऊ होतो. इतक्या खालच्या नादावर त्यांचा इलाज चालत नाहीं.

योग्य जागा शोधण्याची एक जुनी व विनाखर्चाची युक्ति आहे. सबवूफर आपण नेहमीं बसतों त्या खुर्चीच्या ठिकाणीं ठेवावा, डग्ग्याचें किंवा पखवाजाचें स्थिर वादन लावावें आणि भिंतींच्या कडेनें रांगत रांगत कान खालीं ठेवून ऐकत जावें. वयस्कर मंडळींनीं हें काम घरांतील मुलाला सांगावें. तो आनंदानें करील. जेथें प्रत्येक थाप सारखी व स्पष्ट ऐकूं येईल ती सबवूफरची जागा. कोपऱ्यांत आवाज सर्वांत मोठा होतो, परंतु एक स्वर फुगतो व दुसरा बसतो. म्हणून कोपरा हा शेवटचा उपाय समजावा.

नंतर तीन बटणें. पहिलें क्रॉसओव्हरचें, कोणत्या नादाखालीं सबवूफरनें काम करावें हें तें ठरवितें. त्याचा आरंभ ८० कंपनांवर करावा. पडदा मोठा असलेल्या स्पीकरांबरोबर तो ६० पर्यंत उतरवावा. होम थिएटरचा अँप्लिफायर असेल तर ही वांटणी त्याच्यांतच करावी, स्पीकर ‘स्मॉल’ म्हणून नोंदवावे, आणि सबवूफरवरचें बटण सर्वांत वर ठेवावें, नाहीं तर एकच नाद दोनदां गाळला जातो. दुसरें बटण फेजचें. त्याच्या शून्य व १८० अशा दोन जागा असतात. स्पीकरचा पडदा पुढें येत असतांना सबवूफरचा मागें गेला तर दोघे एकमेकांचा नाद खाऊन टाकतात. पुरुषी तंबोरा लावून दोन्ही जागा तपासाव्या व खर्ज जेथें अधिक भरदार वाटेल ती कायम करावी. तिसरें बटण आवाजाचें. तें शून्यापासून सावकाश वाढवीत न्यावें आणि पेटी ऐकूं येते असें वाटूं लागतांच थोडें मागें घ्यावें.

हें सर्व बरोबर झालें कीं नाहीं याची परीक्षा रेडिओवरच घेतां येते. पुरुष निवेदकाच्या बातम्या लावा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ नाद बहुधा ८० कंपनांच्या वर असतो. म्हणून बातम्यांच्या वेळीं सबवूफर जवळजवळ गप्प राहिला पाहिजे. निवेदक रांजणांत तोंड घालून बोलत असल्यासारखा वाटला, तर क्रॉसओव्हर फार वर आहे किंवा आवाज फार मोठा आहे असें समजावें.

आतां एका धोक्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. जोडणी झाल्यावर पुष्कळ घरांत एक अखंड ‘हूं’ असा आवाज येऊं लागतो. आपल्याकडील वीज दर सेकंदास ५० आवर्तनांची आहे. हा तिचाच नाद. अँप्लिफायर एका बोर्डावर व सबवूफर दुसऱ्या बोर्डावर असला, आणि दोहोंच्या अर्थिंगमध्यें सूक्ष्म फरक असला, तर जोडवायरींतून थोडा प्रवाह वाहूं लागतो व तो पेटींतून ऐकूं येतो. पुष्कळ कारागीर यावर प्लगची तिसरी, जाड पिन तोडण्याचा सल्ला देतात. आवाज खरोखरीच थांबतो, म्हणून तो सल्ला लोकांना पटतो. परंतु ती पिन जीव राखण्यासाठीं आहे. आंतील तार सुटून पेटीच्या धातूच्या पाठीला लागली, तर प्रवाह जमिनींत नेण्याचें काम तीच करते. ती नसली तर तो प्रवाह स्पर्श करणाऱ्याच्या अंगांतून जातो. म्हणून ती कधींहि तोडूं नये. दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर लावून पाहावीं. टी.व्ही. जोडलेला असल्यास छतावरून किंवा केबलवाल्याकडून येणारी वायर क्षणभर काढून पाहावी. पुष्कळदां दोष तिच्यामार्गें येतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर जोडवायरीच्या मध्यें बसविण्याचा लहान आयसोलेटर मिळतो, तो लावावा, आणि घरचें अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें.

शेवटीं शेजाऱ्यांविषयीं. वरचा नाद भिंतीला अडतो. खालचा नाद भिंतच हालवून पलीकडे जातो. आपल्या खोलींत सौम्य वाटणारा घुमारा शेजारच्या घरीं निजलेल्या आजाऱ्याच्या उशाशीं पोंचतो. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागाकरितां दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली आहे. पण ही मर्यादा ज्या मापानें मोजतात तें माणसाच्या कानाच्या धर्तीवर बनविलेलें असल्यामुळें ५० कंपनांच्या नादाचे सुमारें ३० डेसिबल तें वजा धरतें. यामुळें मापयंत्र निर्दोष ठरवीत असतांहि शेजाऱ्याची तक्रार खरी असूं शकते. तेव्हां सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर ठेवावा, दहानंतर त्याचा आवाज उतरवावा, आणि पहिल्या दिवशीं स्वतः शेजारीं जाऊन ऐकून यावें. कायद्यापेक्षां हा एक फेरा अधिक उपयोगी पडतो.

ज्यांनीं अजून ही पेटी घेतली नाहीं त्यांनीं आधीं एवढें करून पाहावें. आहेत ते स्पीकर भिंतीजवळ एकेक वीत सरकवीत जावे. भिंत खालच्या नादाला फुकट मदत करते, आणि कित्येकांचें काम तेवढ्यावरच भागतें. भागलें नाहीं तर मग खुशाल सबवूफर आणावा, वर सांगितल्याप्रमाणें जोडावा, आणि पंधरा दिवसांनीं गाणें चालूं असतांना एकदां त्याचें बटण बंद करून पाहावें. घरांतील कोणी तरी मान वर करून ‘काय झालें?’ असें विचारील. त्या प्रश्नावरून आपली जोडणी साधली असें निःशंक समजावें.